गोधडीतली बादली

लग्न ठरवताना मुलीच्या आईनं जे विचारायचं असतं, ते मीही विचारलं होतं. "मुलगा पितो का हो?" मध्यस्थ बाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "छे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." त्याच जावयांनी चौदा वर्षांनी स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात माझ्यासमोर भलंमोठं पातेलं चढवलं आणि म्हणाले, "आई, आज दुपारपर्यंत तुम्हाला शेगडी नाही. आज बिअर शिजणार."

मी हसले. म्हणजे तोंडानं हसले.

कारण सांगते. माझा थोरला भाऊ पिण्यापायी गेला. तेव्हा आम्ही कराडला राहायचो. सकाळी वहिनी रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून भंगारवाल्याकडे न्यायची, आणि ती पिशवी जिन्यावरून खुळखुळत उतरली की सगळ्या आळीला कळायचं. बिचारी बाटल्यांना जुनं लुगडं गुंडाळायची, तरी वाजायच्याच. भरली बाटली ठप्प वाजते, रिकामी खुळखुळते, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. मुलीला हे सगळं माहीत, आणि तिच्याकडून जावयांनाही. त्यामुळे मी दर वर्षी तीन महिने इथे राहायला आले की घरातल्या बाटल्या आपोआप दिसेनाशा व्हायच्या. कुणी काही बोलत नसे, पण मी पहारा करते असं त्यांना वाटायचं. खोटं कशाला बोलू, करतच होते.

या वेळी मात्र लपवायला जागाच नव्हती. वीस लिटर बिअर लपवणार कुठे? मुलीनं मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "आई, हे त्याच्या ऑफिससाठी आहे. तू काही बोलू नकोस हं." आधीची कंपनी बंद पडल्यावर जावई आठ महिने घरी बसून होते. त्या दिवसांत त्यांनी हे बिअरचं शिकून घेतलं, नाहीतर दुपारी बारापर्यंत पांघरुणातून बाहेर येत नसत, असं ती म्हणाली. आता नवी नोकरी लागली होती आणि तिचा प्रोबेत्साइट, म्हणजे सहा महिन्यांचा परीक्षेचा काळ, संपत आला होता. तो संपला की टीमला काहीतरी खायला-प्यायला द्यायचं अशी इथली पद्धत. लोक केक नेतात. जावई बोलून बसले, "मी घरची बिअर आणतो."

झालं. सगळं ऑफिस हसलं. एक पिकल्या केसांचे श्वाब, म्हणजे इथलेच मूळचे, गृहस्थ म्हणाले, "भारतातला माणूस आम्हा श्वाबांना बिअर पाजणार? आणि ती कसली, पेल एल? तो तर फळांचा रस!" जावयांनी त्यांना सांगितलं की पेल एल ही बिअरचीच एक जात, तिच्यात फळ एकही नसतं, आंब्या-अननसाचा वास येतो तो हॉप्स नावाच्या वनस्पतीचा. त्यावर ते म्हणाले, "बघू, बघू." ते 'बघू' जावयांच्या फार जिव्हारी लागलं होतं. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला कुणाचंही 'बघू' लागतंच.

तर त्या शनिवारी मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सगळं पाहिलं. जव म्हणजे आपला सातूच. मोड आणून वाळवलेला आणि भरडलेला. मी म्हटलं, "अहो, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखं." जावई म्हणाले, "गेनाऊ! अगदी तसंच, आई." मग तो गरम पाण्यात तासभर भिजवला, गोड पाणी गाळून घेतलं आणि ते उकळत ठेवलं. त्यात हिरव्या गोळ्या पडल्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या. हेच ते हॉप्स. घरभर वास सुटला. आधी कडूशार, आणि मग मागून पिकल्या फळांचा. नात नाक वर करून म्हणाली, "आजी, वी मांगो!" आंब्यासारखं म्हणे. ती माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत बोलते, आमचं छान चालतं.

मला सगळ्यात पटलं ते सोवळं. पाणी गार झाल्यावर जावई नुसते ओरडत होते. "हात लावू नका! ओला चमचा नको! झाकण उघडं ठेवू नका!" माझ्या सासूबाई लोणच्याची बरणी भरताना अश्शाच ओरडायच्या. यीस्ट घातलं, पांढऱ्या बादलीचं झाकण घट्ट लावलं, झाकणात एक वाकडी काचेची नळी बसवली आणि बादली तळघरात आमच्या वाट्याच्या खोलीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवसापासून नळीतून बुडबुडे यायला लागले. बुड्‌. बुड्‌. जावई सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन तो आवाज ऐकून यायचे आणि हसत वर यायचे. बादलीचा आवाज ऐकून हसणारा माणूस दारुडा नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी ती तिघं गार्चिंगला गेली. जावयांचा धाकटा भाऊ तिथे पीएचडी करतो. माझे गुडघे धरलेले, म्हणून मी घरीच राहिले. जाताना मुलगी म्हणाली, "आई, आपली केअरवोखे आहे, पण तू जिना झाडू नकोस. आम्ही रविवारी येऊन झाडतो." केअरवोखे म्हणजे आठवडाभर सगळ्यांचा जिना आपण झाडायचा. दारावर पाटी लटकते, आणि ती पाटी असताना जिन्यावर धूळ दिसली तर खालच्या मजल्यावरच्या बाई दोन दिवस गुटन टाग म्हणत नाहीत. आता दारावर पाटी लटकलेली असताना मी रविवारपर्यंत बसून राहणार होय? शनिवारी सकाळी केरसुणी घेतली आणि एकेक पायरी झाडत तळघरापर्यंत गेले.

तिथे बर्फासारखी थंडी. नोव्हेंबर, आणि वरची झरोक्याची खिडकी कुणीतरी उघडी ठेवलेली. मी बादलीपाशी थांबले. आवाज नाही. खुर्ची ओढून पाच मिनिटं बसले. एकही बुडबुडा नाही.

थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. पीठ मेलं! आणि हे तर वीस लिटर, आणि सगळं ऑफिस 'बघू' म्हणून बसलेलं. फोन करावा तर मुलगी म्हणाली असती, आई तू तळघरात कशाला गेलीस. मग आपल्याकडे करतात तेच मी केलं. खिडकी लावली. वर येऊन माझी गोधडी काढली, माझ्याच जुन्या नऊवारीची शिवलेली, आणि दोन दोऱ्यांनी बादलीला चारी बाजूंनी बांधली. नळी तेवढी बाहेर ठेवली, बाळाचं नाक ठेवावं तशी. आत गरम पाण्याची रबरी पिशवी सरकवली. दर तीन तासांनी पाणी बदलायला खाली-वर, खाली-वर. गुडघे ओरडत होते. पण दुपारी खाली गेले तर, बुड्‌! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी एकटीच हात जोडून उभी राहिले.

रविवारी संध्याकाळी तिघं परत आली. दार उघडता उघडता मी म्हटलं, "जावईबापू, तुमची बिअर थंडीनं मरत होती. मी वाचवली!"

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं, गोधडीसकट. त्यांचा चेहराच उतरला. ते बूट न काढता खाली धावले. या घरात बूट न काढता कुणी दोन पावलंही टाकत नाही.

मुलगी कोट काढायची थांबली. "आई, ती गरम करायची नसते. जास्त गरम झाली की वास बिघडतो, सगळी फुकट जाते." मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. मुद्दाम केलंस ना? मामासाठी?"

आजवर पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत मी, पण एवढं काही लागलं नव्हतं. आणि वाईट हे की तिला असं वाटायला मीच जागा ठेवली होती, इतकी वर्षं पहारा करून.

तेवढ्यात जावई वर आले. एका हातावर घडी केलेली गोधडी, दुसऱ्या हातात ती रबरी पिशवी. बहुतेक जिन्यातून त्यांनी ऐकलं असावं. मला विचारलं, "आई, झाकण उघडलंत?"

"छे हो! मुरायला ठेवलेली बरणी मधेच उघडतं का कुणी?"

"एकदाही नाही?"

"तुमच्या सोवळ्याची शपथ."

ते बायकोकडे वळले. "अगं, मुद्दाम बिघडवायची असती तर नुसतं झाकण उघडलं की काम झालं असतं. गुडघे दुखत असताना दोन दिवस गरम पाणी नेऊन, गोधडी पांघरून कुणी कुणाला मारतं का?"

मला रडूच आलं. मुलीला पण. नात म्हणाली, "आल्झो, कुणी मेलंय का?" आणि तेही, तो 'आल्झो' सोडला तर, चक्क मराठीत, तेव्हा आम्ही हसलो.

पण म्हणून बिअर वाचली असं नव्हतं. बादलीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी सव्वीस दाखवत होती, हवं होतं अठरा-एकोणीस. जावई म्हणाले, "यीस्टची खरी धावपळ पहिल्या चार-पाच दिवसांत असते. ती संपत आली होती, म्हणूनच बुडबुडे थांबले होते. ते मेलं नव्हतं, आई, दमून निजलं होतं. शेवटी शेवटी ऊब मिळाली तर कधीकधी चालते. पण सव्वीस जरा जास्त झालं. बाटली उघडल्याशिवाय कळायचं नाही."

आणि मी गरम केल्यावर आलेले ते बुडबुडे? "पाणी तापलं की त्यातली हवा बाहेर येते, तेवढंच," असं ते संकोचत म्हणाले. मी ज्यांना हात जोडले, ती नुसती हवा होती!

पुढचे तीन आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. बिअर बिघडली असती तर जावई मला काही बोलले नसते. ऑफिसात केक नेला असता, चार टोमणे ऐकले असते. पण मुलीच्या मनात तो प्रश्न कायमचा राहिला असता. 'मुद्दाम केलंस ना?' एकदा विचारलेला प्रश्न असा जात नाही. दुधासारखी निर्मळ बिअर होऊ दे, असा नवस मी बोलले. देवाला काय वाटलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मध्यंतरी बादलीत आणखी हिरव्या गोळ्या पडल्या, या वेळी न उकळता, नुसत्या वासासाठी. मग बाटल्या धुवायचं काम मी मागून घेतलं. मुलगी म्हणाली, "तू? बिअरच्या बाटल्या?" मी म्हटलं, "हो, मी." ब्रशनं आतून घासून, गरम पाण्यातून काढून, उलट्या करून ठेवल्या. जावयांनी प्रत्येकीत चिमूटभर साखर घातली, बिअर भरली, पत्र्याची टोपणं दाबून बसवली. दोन आठवडे त्या कपाटाशेजारी उभ्या होत्या. मी जाता-येता त्यांच्याकडे बघायचे.

ऑफिसात न्यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, जेवणाआधी जावयांनी एक बाटली टेबलावर ठेवली. टोपण उडालं, फस्स झालं. ग्लासात पिवळीधमक, थोडी गढूळ, वर पांढरा फेस. त्यांनी वास घेतला. एक घोट घेतला. तोंडात फिरवला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"आई."

"काय झालं?"

"चांगली झालीय." आणि मग मोठ्यांदा, "अहो, चांगली झालीय! माझी आतापर्यंतची सगळ्यात चांगली!"

मुलीनं चाखली आणि माझा हात धरला. तेवढं मला पुरलं. जावयांनी ग्लास माझ्यापुढे केला, "नुसता वास घ्या." घेतला. आंबा, थोडं अननस, आणि खाली संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. मग चमचाभर घेतलीच. बाई गं! कारल्याचा रस बरा. पण मी म्हटलं, "कडू आहे, पण प्रामाणिक आहे."

शुक्रवारी सकाळी दोन खोकी गाडीत गेली. दिवसभर माझं लक्ष लागेना. भाजीत दोनदा मीठ पडलं. आमच्या घरी चांगली लागली म्हणून काय, तिथे ते पिकल्या केसांचे गृहस्थ बसलेले. जावयांचा निरोप काही येईना.

पाच वाजता खालचं दार वाजलं. मी जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. पावलं वर येत होती, आणि पावलांबरोबर खोकी. मी कान दिला. ठप्प नाही. खुळखुळ. दोन्ही खोकी, प्रत्येक पायरीला, खुळखुळ, खुळखुळ.

"अहो, सगळ्या?" मी वरूनच विचारलं.

"सगळ्या! म्हातारे तीन प्यायले, आणि चौथी घरी घेऊन गेले!"

तो आवाज साठ वर्षं माझ्या कानात बसला होता, आणि तो पुन्हा ऐकून मला हसू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी दोन पायऱ्या खाली उतरले आणि वरचं खोकं त्यांच्या हातातून घेतलं. हलकं होतं.

"द्या इकडे," मी म्हटलं. "वाळायच्या आत धुवून ठेवते, म्हणजे पुढच्या खेपेला घासायला नको."