एकशे पस्तीस अंशांवरचा खड्डा

आलेखात खड्डा पुन्हा तिथेच पडला. एकशे पस्तीस अंशांवर.

“मॅडम, आता काय करायचं?” श्रुतीनं विचारलं. तिची पीएचडी कमिटी शुक्रवारी येणार होती. या टेस्टमध्ये यंत्र पास झालं नाही, तर तिच्या स्वतःच्या सॅम्पलला परवानगी नाही. म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात.

टेस्ट साधी. किरणोत्सारी कोबाल्टच्या अणुकेंद्रातून दोन गॅमा किरण लागोपाठ निघतात. दुसरा कुठे जाईल, हे थोडंफार पहिल्याच्या दिशेवर ठरतं. म्हणून कोबाल्ट मधोमध ठेवायचा, भोवती डिटेक्टर मांडायचे. दोन डिटेक्टर एकदम वाजले की एक जोडी मोजायची. आमचे दोन डिटेक्टर पक्के होते. तिसरा चाकांच्या ट्रॉलीवर, बेळगोळच्या कारखान्यातून करून आणलेल्या गोल रुळावर फिरणारा. एक पक्का आणि हा फिरता, या दोघांमधला कोन नव्वदपासून एकशे ऐंशीपर्यंत नेला, की जोड्या हळूहळू वाढतात. जगभर वाढतात. म्हैसूरला मात्र मध्येच खड्डा.

आमचे प्रमुख राव सर म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले, बोलणं निम्मं कानडी. इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर मी. त्यामुळे दोष कोणाचा, हे ठरलेलंच होतं.

“तुमचं सर्किटच हो, मॅडम. मी तेव्हाच सांगितलो, अल्वा?”

“सर्किटला कोन कळत नाही, सर.”

“मग काय, नवीन फिजिक्स?”

“कोबाल्टमध्ये? कमिटी हसेल.”

“मग सर्किटच. सुम्ने वाद नको. बदला.”

असा राग आला! तरी बोर्ड बदलला. खड्डा जागचा हलला नाही, आणि खरं सांगते, मला आनंदच झाला.

मग श्रुतीला दुसऱ्या पक्क्या डिटेक्टरबरोबरच्या जोड्या काढायला लावल्या. तिथेही खड्डा, पण एकशे पाच अंशांवर.

“अय्यो, हा तर फिरतोय!”

“कोन बदलला. पण दोन्ही वेळा ट्रॉली कुठे उभी होती?”

तिनं नोंदी पाहिल्या. “एकाच जागी, मॅडम.”

निसर्गाला दोन किरणांमधला कोन कळतो, खोलीतली जागा कळत नाही. आम्ही दोघी त्या जागी रुळापाशी गुडघ्यांवर बसलो.

रुळावर एक चिरडलेलं लिंबू होतं. वाळून दगड झालेलं. ट्रॉली तिथे आली की चाक त्यावर चढायचं. डिटेक्टर मान वर करायचा आणि त्याच्या शिशाच्या कॉलरचं अरुंद भोक कोबाल्टच्या डोक्यावरून पलीकडे बघायचं. जोड्या निसटायच्या.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा झाली होती. “चाक आहे म्हटल्यावर लिंबू पाहिजेच,” म्हणत राव सरांनी स्वतः ट्रॉली त्यावरून नेली होती. वरचं हळदकुंकू आम्ही पुसलं. खाली बघतो कोण?

श्रुती स्क्रूड्रायव्हरनं लिंबू खरवडत होती, तेवढ्यात सर आले. त्यांनी लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

“पूजेचं आहे. झाडाखाली टाका,” म्हणाले आणि गेले.

शुक्रवारी आलेख शहाण्यासारखा चढला. कमिटीतल्या एकांनी विचारलं, “आधी अडचण नेमकी काय होती?”

श्रुतीची पापणीही लवली नाही. “ऑर्गॅनिक ऑब्स्ट्रक्शन ऑन द ट्रॅक, सर.”

त्यांनी गंभीरपणे मान डोलावून ते लिहून घेतलं. राव सर छताकडे बघत होते. परवानगी मिळाली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. निसर्गावर किंवा सर्किटवर संशय घेण्याआधी वाकून चाकाखाली बघावं. गुडघे दुखत असतील, तर प्रमुखांना वाकायला सांगावं.