तो बसलेलाच होता
कणकेत हिंग मळल्याचा वास आला की अजून तो रविवार आठवतो. माशांसाठी आम्ही तसेच गोळे करायचो. त्या रविवारी आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या क्लबने नागपूरबाहेरच्या धरणावर नाव भाड्याने घेतली होती. काठी मागे नेण्याआधी ओरडून सावध करायचे, हा आमचा नियम. मागे बसलेला मित्र हसला, "तुह्या गळाले बेडूकही लागत नाही गा!" तेवढ्यात समोर मोठा मासा उसळला आणि मी न ओरडताच काठी झटकली. दोरा अडला. वळून पाहिले तर गळ त्याच्या डोळ्यात रुतला होता. "तो मध्येच उठला," मी सगळ्यांना सांगितले. डोळा गेला. सगळ्यांकडून तेच ऐकून दवाखान्यात पट्टी बांधलेला तो पुटपुटला, "मी काहून उठलो गा? तुमचा दिवस खराब केला." मी त्याची उशी सारखी केली. तो उठला नव्हता, हे मी आज प्रथमच लिहितो आहे.