खूनकाकांची क्रियाविशेषणं

आमच्या गल्लीतले खूनकाका दिवसभर दुकानात कापड फाडायचे आणि संध्याकाळी घरी बसून माणसं. त्यांच्या कादंबऱ्यांत साधं मरण कुणाच्याच नशिबी नाही. सुरा घुसायचा तो ‘खचकन’, गळा चिरायचा तो ‘सर्रकन’ आणि कवटी फुटायची ती ‘फाडकन’. ‘निर्घृणपणे’ हा तर लाडका जावई. प्रत्येक पानावर पहिला मान त्याचा.

शब्द ते कानाने पारखून घेत. खून लिहिण्याआधी तो स्वयंपाकघरात भोपळ्यावर करून बघायचा, हा शिरस्ता. ‘खचकन’ की ‘कचकन’ हे ठरेपर्यंत भोपळ्याची चाळण होई.

“अहो, मारा एकदाचा त्याला,” काकू म्हणत, “मला भाजी टाकायचीय.”

एका संध्याकाळी लग्न झालेली लेक दारात उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. “पडले,” म्हणाली. काकूंनी पाठीवर हात ठेवला तशी कळवळून खाली बसली. मग सगळं बाहेर आलं. नवरा पट्ट्याने मारत होता, लग्न झाल्यापासून. सकाळी न्यायला येतो, असा त्याचा फोनही येऊन गेला. तक्रार नोंदली गेली तरच त्याला दारात अडवता येणार होतं.

काका तिला घेऊन तडक चौकीत गेले. जमादार त्यांचा जुना वाचक.

“साहेब, त्या नराधमाने हिला निर्घृणपणे, सपासप, रक्ताच्या चिळकांड्या उडेपर्यंत...”

जमादाराने पेन खाली ठेवलं. “खूनकाका, हे मागच्या कादंबरीत झालंय. तिथे सावकार होता.”

“अहो, ही माझी मुलगी आहे.”

“दिसतंय ना मला. पण असं लिहिलं तर त्याचा वकील म्हणेल, सासऱ्याने घरी बसून रचलंय. तुमचीच पुस्तकं आणून दाखवेल.”

काकांनी इतकी माणसं मारून जमवलेली पुंजी, आणि ऐन वेळी एक नाणं चालेना.

मग लेकच बोलली. “यांनी दार लावलं. पट्टा काढला. बकलाची बाजू माझ्याकडे ठेवली. मी पलंगाखाली गेले, तर पाय धरून ओढलं. दमेपर्यंत मारलं. मध्ये पाणी प्यायला थांबले. ग्लास मलाच भरायला लावला.”

जमादार मान वर न करता लिहीत होता. काकांना राहवेना. “‘मारलं’च्या आधी ‘निर्दयपणे’ घालता येईल?”

“बाबा, गप्प बसा ना,” ती म्हणाली. “सुटतील ते.”

तिने सही केली. जमादाराने शिपायाला हाक मारून जावयाचा पत्ता दिला.

“साहेब, कसा आणू?”

“आण.”

शिपाई गेला. लेकीने खुर्चीला पाठ टेकवली, आणि लगेच उचलली.