पापलेट, तंबू आणि मंगळाचा रडार

बाराही महिने घाम गाळणाऱ्या सिंगापुरात बसून ध्रुवावरच्या बर्फाची तयारी करायची म्हटल्यावर किस्से साठणारच! माझ्या आठवणीवर माझा भरवसा नाही, म्हणून हे सगळे टीम लीडर केतकीकडून तपासून घेतलेत. ती पुण्याची, मी टीममधला निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांचा 'काका'. आमचा रडार जमिनीखालचं बघतो. ध्रुवावर पास झाला, तर मंगळाच्या यानासाठी त्याचा विचार होणार. नापास झाला, तर सहा वर्षांचं काम कपाटात.

*

सरावाला बर्फ कुठला आणायचा? केतकीने वुडलँड्समधलं मासळीचं कोल्ड स्टोरेज मिळवलं. जाडजूड जॅकेटं घालून आम्ही गोठलेल्या लाद्यांवरून रडार फिरवला. स्क्रीनवर काय सुरेख थर!

"काका, दोन स्पष्ट लेयर!" केतकी नाचायलाच लागली.

तिथले मॅनेजर अंकल डोकावले, वाक्याला सिंगापुरी 'लाह' जोडत म्हणाले, "वरचा पापलेट, खालचा स्क्विड लाह!"

*

तंबू ठोकायचा सराव चोआ चू कांग भागात, केतकी राहते त्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत केला. तिथे तंबू बहुधा कुणी वारलं की लागतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही! शेजारच्या आंटी दुखवट्याच्या पैशांचं पांढरं पाकीट घेऊन हजर.

"कुणी वारलं नाही आंटी, आम्ही ध्रुवावर राहायची प्रॅक्टिस करतोय," केतकी म्हणाली.

आंटींनी मला नखशिखांत न्याहाळलं. "हे अंकलसुद्धा जाणार?"

"हो."

"मग पाकीट तुमच्याकडेच राहू दे!"

मोहिमेआधी तब्येत तपासणाऱ्या डॉक्टरांचं मतही आंटींसारखंच पडलं. टीम गेली, मी घरी.

*

घरी बसून मी खोली मोजणारा माझा प्रोग्राम तपासत राहिलो. एका सकाळी तीन मेल पाठवल्या: 'दुरुस्ती', 'दुरुस्तीची दुरुस्ती' आणि 'कृपया दोन्ही विसरा'.

केतकीचं एकच उत्तर आलं, "काका, आता जेवा."

*

मुख्य परीक्षा अशी होती: परीक्षकांनी बर्फात पुरलेली धातूची प्लेट शोधायची, आणि खड्डा एकच खणायचा. आमचा आकडा आला दीड मीटर.

सॅटेलाइट फोनवर केतकीचा आवाज रडवेला. "काका, दीड मीटर खणलं. काहीच नाही. परीक्षक वही मिटतायत."

चूक माझीच, दुसऱ्या कुणाची असणार? मी पुटपुटलो, "लहर खाली जाऊन परत येते, म्हणून अंतर दोनने भागायचं. ते तर मी प्रोग्राममध्येच भागलंय..."

"काका... तुम्ही भागलंत?"

"हो. का?"

"तुम्ही विसरला असाल म्हणून मीही भागलं!"

"अगं, मग अजून तेवढंच खाली..."

"खणा! खणा रे!" ती किंचाळली. फोन चालूच होता. फावडी, धापा, कुणाच्या तरी शिव्या. बऱ्याच वेळाने आवाज आला, ठण्ण! आणि तिकडे नुसता जल्लोष.

मी विचारलं, "नक्की तीच प्लेट आहे ना गं?"