उन्हातली प्रदक्षिणा

"शूज काढा, सॉक्स काढा. पाय आधी, गप्पा मग." इंग्लंडात लेस्टरच्या आमच्या डायबेटिस क्लिनिकमध्ये डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच. पेशंट गोरा असो की बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती मावशी, डॉक्टर खाली स्टुलावर बसून त्यांचा पाय स्वतःच्या मांडीवर घेत. "पायाला कळेनासं झालंय, म्हणून रोज डोळ्यांनी बघायचं," असं बजावत. मी तिथे नर्स होते.

असे डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. दुसऱ्याला दम देणार आणि स्वतः बर्फीचा दुसरा तुकडा उचलणार. आमच्या डॉक्टरांना स्वतःलाही डायबेटिस होता. मी टोकलं की म्हणायचे, "सिस्टर, मला एक बायको पुरे आहे."

मुलांच्या शाळेला सुट्टी, म्हणून एका वर्षी आम्ही चार मराठी कुटुंबं भर ऑगस्टात ग्रीसला गेलो. दुपारी टूरच्या बसने एका पडक्या देवळापाशी उतरवलं. छप्पर नाही, मूर्ती नाही, नुसते खांब आणि तापलेली फरशी. गाइडबाई बोलत होती तोवर डॉक्टरांनी शूज-सॉक्स काढलेसुद्धा.

"अहो, आता कुठला देव इथे?" त्यांच्या मिसेस, आमच्या वहिनी, म्हणाल्या.

"देव गेला असेल, देऊळ आहे ना? बूट घालून कसं जायचं?"

मग आम्हीही लाजेकाजेस्तव चपला काढल्या आणि दोन पावलांत "आई गं!" करत सावलीकडे पळालो. डॉक्टर मात्र हात जोडून सावकाश प्रदक्षिणा घालत होते. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात भक्ती!" कुणीतरी म्हणालं.

मी मात्र त्यांच्या पायांकडे बघत होते. चटका न लागणारा पाय म्हणजे काय, हे मला कळायला नको? पण चारचौघांत, वहिनींच्या देखत, एवढ्या मोठ्या माणसाला कसं बोलायचं? संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा संपला. जळो मेली ती भीड!

त्यांच्या डाव्या तळव्याला फोड आले होते, हे पुढे कळलं. ते त्यांनी कुणाला दाखवलेच नाहीत, हॉटेलात मोजे घालून झोपले. घरी परतल्यावर बाथरूमचं दार लावून स्वतःच ड्रेसिंग करत आणि लंगडत क्लिनिकला येत. मी एकदा विचारलं, तर खेकसले, "नवीन शूज चावतायत. पुढचा पेशंट बोलव." मी मुकाट्याने बोलावला.

शेवटी वास यायला लागला. तेव्हा मी क्लिनिकचं दार लावलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोजा उतरवला. अंगठा काळा पडला होता. इतकी वर्षं लोकांचे पाय बघणारा माणूस स्वतःच्या पायाकडे बघेना, खिडकीबाहेर बघत बसला. "मला भीती वाटली गं," एवढंच म्हणाले.

आधी अंगठा कापला, मग गुडघ्याखालचा पाय. पण विष तोवर रक्तात भिनलं होतं. नोव्हेंबरात डॉक्टर गेले.

क्रिमेटोरियममध्ये वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत तोवर पाणी नव्हतं. हळूच म्हणाल्या, "त्या देवळातच कळतं, तर वाचले असते ना गं? तू तर नर्स. तुला तरी तिथे काही शंका आली होती का?"

"नाही हो वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "मग मला बाईला कुठून कळणार होतं," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या.