नझीरभाईंचं पहिलं ताट

नझीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नितीनच्या घोट्याला पट्टी बांधत होते. शुक्रवारची सकाळ होती, दम्माममधल्या एका शाळेच्या मैदानावर नव्या हंगामाचा सराव चालला होता. फोन झुबेदाभाभींचा, दापोलीजवळच्या त्यांच्या गावाहून. "सुनंदाताई, फजरच्या नमाजाला उठले, चाय घेतली, जरा पडतो बोलले... ते उठलेच नाय." मी फिजिओथेरपिस्ट आहे, अर्धी पट्टी सोडायची हाताला सवय नाही. ती पूर्ण गुंडाळली, टोक कात्रीने कापलं आणि मग नितीनला सांगितलं. तो उठला. बूट चढवून मैदानात गेला आणि एकटाच बास्केटमध्ये चेंडू टाकत राहिला.

खरं सांगते, मी आता निरोपांना कंटाळले आहे. वीस-बावीस वर्षं सौदीत काढली की माणूस जाण्याचं नवल राहत नाही. कुणाची रियाधला बदली होते, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो आणि कफील, म्हणजे परवाना काढून देणारा इथला मालक, नवा करून देत नाही. मग एक बिर्याणी, एक फोटो आणि खलास. नझीरभाईंनाही आम्ही असाच निरोप दिला होता. पण ते त्याआधीच आमच्यातून एकदा गेले होते, आणि तेव्हा त्यांना आम्हीच स्वतःच्या हाताने सही करून देऊन टाकलं होतं. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

ते बंदराजवळच्या एका गोदामाचे सुपरवायझर आणि आमच्या मराठी बास्केटबॉल संघाचे कोच. कोच म्हणजे शिकवणारे, ओरडणारे, गाडीत भरून आणणारे आणि सामना संपला की घरी नेऊन जेवू घालणारे. मैदानाच्या कडेला त्यांची निळी घडीची खुर्ची असायची. तिच्या पाठीचं कापड फाटलं होतं. "नवी घ्या की," म्हटलं तर म्हणायचे, "ताई, तुमी मानसांची हाडं बांधता, माजी खुर्ची नाय बांधवत?" शेवटी मी माझीच पांढरी चिकटपट्टी तिला गुंडाळली. खेळाडू म्हणूनही दर हंगामात ते स्वतःचं नाव नोंदवायचे, चार नंबरच्या जर्सीवर. एखादा आला नाही तर पाचवा हवा ना! पोट सुटलेला चार नंबर मैदानात उतरला की समोरचे संघसुद्धा टाळ्या वाजवायचे.

आमची लीग शुक्रवारची, हौशी. हंगामाच्या मध्यात माणसं निघून जातात, म्हणून संघांना आपसात खेळाडू बदलायची मुभा आहे, एका नावाला एक नाव. अमेरिकेतल्या मोठ्या लीगची नक्कल करून पोरं तिला ट्रेड डेडलाइन म्हणतात. वेळ मात्र इथली, ठरलेल्या शुक्रवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानपर्यंत. नझीरभाईंनी यात आपली एक रीत घातली होती. ज्याला द्यायचं ठरलं त्याला त्या दिवशी आपल्या घरी जेवायला बोलवायचं आणि पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवायचं. मुलगी सासरी पाठवताना करतात तसं. ताट आलं की माणूस समजायचा, आणि मग कुणी काही बोलायचं नाही.

गेल्या हंगामात आम्हाला उंच माणसाची फार गरज होती. बास्केटखाली आम्हाला कुणीही उचलून बाजूला ठेवायचं. मल्याळी संघाकडे शिजू होता, खांबासारखा उंच. त्यांचा कप्तान जॉबी म्हणाला, शिजू देतो, नितीन द्या. नितीन म्हणजे आमचा लांबून नेम लावणारा एकमेव हात. तरी बहुतेकांचं मत पडलं, देऊन टाकू. माझे यजमानही संघात खेळतात, ते त्यात सगळ्यांत पुढे. मला ते पटत नव्हतं. नितीनची बायको आणि मुलगी त्याच वर्षी चिपळूणला परत गेल्या होत्या. आठवडाभर प्रयोगशाळेत काम, रात्री रिकामी खोली. शुक्रवारचा सामना आणि नझीरभाईंकडचं जेवण, एवढंच त्याला उरलं होतं.

त्या शुक्रवारी नझीरभाईंनी साऱ्या संघाला जेवायला बोलावलं. जुम्म्याची नमाज झाल्यावर आम्ही जमलो. नितीन दाराजवळ बसला, चेहरा पार उतरलेला. आपलंच ताट येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आम्हालाही. सुरमईचा वास घरभर पसरला होता, पण कुणाला भूक नव्हती. झुबेदाभाभी पहिलं ताट घेऊन आल्या. नितीनने ते घ्यायला हात पुढे केला. भाभी त्याला वळसा घालून पुढे गेल्या आणि ताट आपल्या नवऱ्यापुढे ठेवलं.

क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळे हसले. नझीरभाई नाही हसले, त्यांनी सुरमईचा तुकडा मोडला. "जॉबीला इचारलाय मी. त्याला कोच पायजे. नितीनच्या जागी चार नंबर लिवा, नि सही करा. यल्ला, चला, मगरिबच्या आत कागद पोचायला पायजे."

आम्ही सही केली. थट्टा वाटली म्हणून केली, शिजू हवा होता म्हणूनही केली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आमच्या कडेची खुर्ची उचलली, मैदान ओलांडलं आणि समोर जाऊन बसले. मल्याळी संघाचा पिवळा टीशर्ट घालून. मला रागच आला. फक्त एक होतं, खुर्ची ते सरळ मांडत नसत. जरा तिरकी, आमच्या बाकाकडे वळवलेली असायची. जॉबी ती सरळ करायचा, की हे पुन्हा वळवायचे.

शिजूमुळे आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोचलो आणि तिथे नझीरभाईंनीच आम्हाला हरवलं. नितीन डावीकडून वळतो हे त्यांच्याइतकं कोण जाणणार? त्यांनी ती बाजूच बंद करून टाकली. सामना संपल्यावर मी तडक जाऊन विचारलं, "घरचाच भेदी झालात. का गेलात आम्हाला सोडून?"

ते खुर्ची मिटत होते. "इकामा संपतोय ताई. या वक्ताला नवा नाय होनार. मी एकदम गेलो असतो तर तुमी संघ मोडला असता, मी वळकतो तुमाला. मी समोर दिसतोय तवर माज्याबिगर खेळायची सवय लागूदे, म्हनून गेलो. नि नितीनला तेवढा सांभाळा."

मग निरोपाची बिर्याणी झाली, फोटो झाला, आणि ते गावी गेले. खुर्ची जॉबीच्या संघाकडेच राहिली. संघ मोडला नाही. त्यांच्याशिवाय खेळायची मात्र आम्हाला सवय झाली नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

बातमीनंतर आम्ही जॉबीला म्हटलं, खुर्ची तेवढी परत दे. त्याचे डोळे भरून आले, पण म्हणाला, "नहीं दीदी. ट्रेड तो ट्रेड है. कोच हमारे थे." मला वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि त्याचं खोटं नव्हतं.

मागच्या शुक्रवारी जॉबीच्या संघाशी सामना होता. समोर निळी खुर्ची मांडलेली, रिकामी. पाठीवरची पट्टी सुटून लोंबत होती. नितीन बास्केटमध्ये चेंडू टाकायचा आणि आधीच्या सवयीने तिकडे बघायचा. मध्यंतरात मी पट्टीचं रीळ आणि कात्री उचलली, मैदान ओलांडलं आणि त्यांच्या बाकापाशी जाऊन गुडघे टेकले. जॉबीने खुर्ची धरून ठेवली. जुनी पट्टी सोलून काढली, नवी घट्ट गुंडाळली, टोक कापलं. शिट्टी झाली. मी आमच्या बाजूला परत आले आणि मागे वळून पाहिलं. जॉबीने खुर्ची जागेवर सरळ ठेवली होती. दोन पावलं जाऊन तो थांबला, परत आला, आणि ती आमच्या बाकाकडे जराशी वळवून ठेवली.