हिरडीखाली लपवलेली कड

उंच पठारावरच्या एल आल्तो शहराच्या गुरुवारच्या बाजारात बासिलिया तिकोनाशी भावावरून घासाघीस करणारा माणूस एक तर परगावचा असे, नाहीतर त्याच्याशी घरी कोणी बोलत नसे. तुंत्याच्या ओळीत तिची जागा अगदी मधोमध. तुंता म्हणजे कडाक्याच्या थंडीत गोठवून, नदीच्या पाण्यात भिजत घालून, मग वाळवलेला पांढरा बटाटा. हातात घेतला तर खडूसारखा हलका, पण दाताखाली घेतल्याशिवाय त्याची जात कळत नाही.

बाकीच्या विक्रेत्या बटाटा बोटांनी दाबून बघत. बासिलिया पुढच्या दातांनी तोडून बघे. नवं पोतं उघडलं की एक बटाटा उचलायचा, कट्टकन तोडायचा, डोळे मिटून जरा थांबायचं आणि माल आणणाऱ्याला सांगायचं, "एक दिवस कमी वाळलाय. घरी ने आणि सासूला खायला घाल." तिने एकदा सांगितलं की सांगितलं. भलेभले दलाल पोतं उचलून चालू लागत.

आणि ते दात तरी काय होते! वरचे पुढचे चार, चौघांनाही सोन्याची चौकट, आतून पांढरा दात दिसतोय, आणि उजवीकडच्या चौकटीत एक बारीक चांदणी कोरलेली. ही करणी तिच्या नवऱ्याची. प्लासिदो दातांचा कारागीर. बाजारामागच्या गल्लीत त्याची एक खोली, खिडकीत लाकडी फळीवर सोन्याच्या चौकटींचे नमुने. लग्न ठरलं तेव्हा त्याने ही चौकडी घडवून स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात बसवली. त्याला एकतीस वर्षं झाली. ओळीतल्या निम्म्या बायकांच्या तोंडात त्याचंच काम होतं, आणि बासिलिया हसली की ती नवऱ्याच्या दुकानाची चालतीबोलती पाटी होती.

त्या ऑगस्टात एका गुरुवारी तिने नेहमीसारखा बटाटा तोडला, आणि पांढऱ्याशुभ्र तुंत्यावर लाल डाग उमटला. समोरचं गिऱ्हाईक बघतच राहिलं. बासिलियाने तो तुकडा पटकन घेरदार झग्याच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "काय बघतेस? सकाळी बीट खाल्लंय."

बीट रोज कोण खातं हो? पण पुढचे चार आठवडे ती बीटच खात होती. दुखत काही नव्हतं. गालात कोका नावाच्या झुडपाच्या पानांचा गोळा सकाळी धरायचा तो उन्हं कलेपर्यंत. त्याने जीभ, गाल, हिरड्या सगळं बधिर. दुखत नाही त्याला आजार कशाला म्हणायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. औषधाच्या दुकानातून कसल्याशा गोळ्या आणून पाच दिवस खाल्ल्या. रक्त थांबलं, आठवड्याने पुन्हा सुरू झालं.

शेवटी तोंड उघडलं ते हिलारियाने. हिलारिया शेजारच्या जागेवरची वाटाणेवाली. तिच्या मुलीची बासिलिया धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत आणि त्या नात्याच्या जोरावर एकमेकींना वाट्टेल ते बोलत.

"कोमाद्रे, राग मानू नकोस," हिलारिया म्हणाली, "पण तुझ्या तोंडाला वास येतो."

"तुझ्या वाटाण्याला येत असेल."

"वाटाण्याला असा वास आला असता तर मी तो फेकला असता. तुला कुठे फेकू?"

बासिलिया दोन तास तिच्याशी बोलली नाही. मग माल झाकला, डोक्यावरची टोपी सरळ केली आणि विया दोलोरेस वस्तीतल्या डॉक्टर मार्लेने काल्लिसायाच्या दवाखान्यात जाऊन बसली. मार्लेनेची आई याच बाजारात आयुष्यभर मासे विकत होती, त्यामुळे बाजारातल्या बायकांना कसं हाताळायचं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

डॉक्टरीणबाईने एक बारीक सळई घेतली, दात आणि हिरडी यांच्या फटीत घातली आणि मदतनीस बाईला आकडे सांगू लागली. "तीन. सात. आठ. सात. आठ."

बासिलियाने तोंडातून सळई बाजूला सारली. "थांब. कशाचे आठ? पाच लाव."

"बासिलियाबाई, हा भाव नाही," मार्लेनेला हसू आवरेना. "ही खोली आहे. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली हवी. तुमची सुटलीय, आणि आत खड्डा झालाय. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. आठ म्हणजे खालचं हाड झिजत चाललंय."

"मग कमी कर."

"तेच करायचंय. पण निम्मं काम माझं आणि निम्मं तुमचं."

मग तिने सगळं नीट समजावलं. हिरडीखाली दगडासारखी घाण साचलीय, ती जागा बधिर करून मुळापर्यंत खरवडून काढायची. दोन महिने थांबायचं, पुन्हा मोजायचं. जिथे खड्डा उरेल तिथे हिरडी उघडून, आतून साफ करून टाके घालायचे. हलणारे दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधायचे. एवढं करूनही नाहीच टिकले, तर काढायचे आणि खोटे बसवायचे. नुसत्या गोळ्यांनी ती घाण जात नाही. रक्तातली साखरही एकदा तपासायची. आणि कोका? "दुखत नाही म्हणून तुम्ही निवांत राहिलात. तसाही हा आजार बहुधा दुखत नाही. दुखायला लागतो तेव्हा दात हातात येतो."

"कर साफ," बासिलिया म्हणाली. "आत्ताच कर."

"आधी सोनं काढावं लागेल. त्याची कड हिरडीच्या आत घुसलीय. तिच्यामागेच सगळं साचतंय. ज्याने हे केलं त्याने..."

"माझ्या नवऱ्याने केलंय."

मार्लेनेने सळई खाली ठेवली. बासिलिया खुर्चीतून उतरली, शाल आवळली आणि निघाली. ते सोनं काढलं तर बाजार विचारणार, का काढलं? आणि खरं सांगितलं तर प्लासिदोचं उभ्या जन्माचं काम मातीत जाणार. दात वाचवावेत की नवऱ्याचं नाव? कुठल्याही पोत्याचा निकाल चुटकीसरशी लावणाऱ्या बाईला घरापर्यंतच्या वाटेत एवढा एक निकाल लावता आला नाही.

घरी तिने सांगितलं, "काही नाही, जरा साफसफाई करायचीय म्हणाली."

प्लासिदो मुळातच कमी बोलणारा. दिवसभरात त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही हातांची बोटं पुरली असती. तो उठला, तिची हनुवटी धरली आणि तिला खिडकीपाशी नेलं. कितीतरी वर्षांत त्याने कारागिराच्या डोळ्यांनी तिच्या तोंडात बघितलं नव्हतं. ओठ वर केला, अंगठ्याने हिरडी दाबली. सोन्याच्या कडेखालून पिवळसर थेंब बाहेर आला. मग त्याने एकेक दात दोन बोटांत धरून हलवून बघितला. चारही हलत होते.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"सांगितलं ना..."

"म्हातारे, खरं सांग."

तिने सांगितलं. तो बाकावर बसला आणि स्वतःच्या हातांकडे बघू लागला.

"माझ्या उस्तादाने शिकवलं होतं," तो म्हणाला. "कड दिसली तर काम कच्चं. कड हिरडीखाली सरकवायची. मी सगळ्यांना तसंच केलं."

"तुझ्या उस्तादाला काय माहीत होतं? तो मेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या तोंडात एक दात नव्हता!"

एरवी प्लासिदो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. "काढून टाक," एवढंच म्हणाला.

पुढच्या सोमवारी तो तिच्याबरोबर दवाखान्यात आला, भिंतीला टेकून उभा राहिला. मार्लेनेने यंत्र हातात घेतलं, पहिल्या चौकटीला लावणार तोच तो पुढे झाला. "तिथून नको, बाई. मागच्या बाजूने, डावीकडे. तिथे माझा सांधा आहे. तिथे पातळ आहे, दाताला धक्का लागणार नाही."

मार्लेनेने त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "दाखवा, उस्ताद."

तो एकेक सांधा दाखवत गेला, ती कापत गेली. चारही चौकटी ताटलीत पडल्या. खाली दातांच्या बुंध्याशी काळं हिरवं किटण होतं, आणि हिरडी सुजून लिबलिबीत झाली होती. प्लासिदोने ते वाकून नीट पाहिलं, तोंड फिरवलं नाही. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि बासिलियाने त्याला बोलायला लावलं नाही. तिलाही कधी गप्प बसायचं हे कळत होतं. लोकांना उगीच वाटतं की कळत नव्हतं.

खरवडण्याचं काम दोन खेपांत झालं. मग बासिलियाच्या वाटणीचं निम्मं काम सुरू झालं, आणि काम हातात घेतलं की ती बाई ऐकते थोडीच! सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश, प्रत्येक फटीत बाटली घासायच्या ब्रशासारखा इवलासा ब्रश, कोकाचा गोळा बंद. पहिल्या आठवड्यात रक्त आलं, दुसऱ्यात कमी, चौथ्यात थांबलं. साखर तपासली, ती जागच्या जागी होती. दोन महिन्यांनी मार्लेनेने पुन्हा सळई घातली. "तीन. चार. तीन. चार." एका दाताशी मात्र सात. तिथे हिरडी उघडून टाके घातले, चारही दात मागून तारेने बांधले. सूज उतरल्यावर हिरडी आक्रसली होती, दात लांब दिसू लागले, मधल्या फटी उघड्या पडल्या. बासिलियाने आरशात बघितलं आणि म्हणाली, "खेचर झालंय माझं. पण खेचराचे दात पडत नाहीत."

दात वाचले. नाव उरलं होतं.

बाजारात कुजबुज तर सोनं निघाल्याच्या पहिल्या गुरुवारीच सुरू झाली होती. तोंडातलं सोनं नाहीसं होण्याचं एकच कारण या ओळीला माहीत होतं. बाईने ते गहाण टाकलं! सोनं अंगावर मिरवायचं, सणाला नाचायचं, आणि मोडायची वेळ आली तर शेवटी तोंडातलं मोडायचं, तेही माणूस पार बुडाल्यावर. त्यामुळे बासिलियाकडे बघून बायका शालीआड हसू लागल्या. हिलारियाने तर तोंडावर विचारलं, "कोमाद्रे, खरं सांग. गहाण टाकलंस ना?"

ज्या बाईने आयुष्यात कोणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं, तिच्या कानशिलांतून आग निघाली. पण खरं बोलायचं तर प्लासिदोवर बोट दाखवावं लागणार होतं.

"हो, टाकलं गहाण," ती म्हणाली. "तुझ्या बापाचं होतं का?"

हे तिने एकदा नाही, तीन महिने सांगितलं. जो विचारेल त्याला ठणकावून सांगितलं, आणि घरी येऊन प्लासिदोला सांगितलं की कोणी काही विचारत नाही.

प्लासिदो दर गुरुवारी दुपारी तिच्यासाठी सूपाचं भांडं घेऊन येई. डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो ओळीत शिरला तेव्हा कोपऱ्यावरच्या मिरचीवालीने त्याला हटकलं. "उस्ताद, सणाला किती दिवस राहिले? बायकोचं सोनं सोडवून आणा की आता! म्हातारपणी तिला बोडक्या तोंडाने नाचवणार का?"

आजूबाजूच्या खळखळून हसल्या. प्लासिदो थांबला. "काय सोडवून आणू?"

"गहाण टाकलेलं सोनं. तिनेच सांगितलंय सगळ्यांना."

त्याने बासिलियाकडे बघितलं. तिने नजर पोत्यात घातली आणि उगाच तुंते वरखाली करू लागली. प्लासिदोने भांडं जमिनीवर ठेवलं, वाटेच्या मधोमध उभा राहिला आणि टोपी काढून हातात घेतली. त्याला सगळ्यांसमोर बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून ओळ आपोआप शांत झाली.

"कोणी काही गहाण टाकलेलं नाही," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण शेवटच्या गाळ्यापर्यंत गेला. "ते सोनं काढावं लागलं, कारण मी ते चुकीचं बसवलं होतं. कड हिरडीखाली लपवली होती. तिथे घाण साचते आणि आतलं हाड जातं. माझ्या बायकोचे दात माझ्या हाताने चालले होते, आणि माझी लाज राखायला तिने स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं."

"म्हाताऱ्या, गप्प बस!" बासिलिया ओरडली. त्याला गप्प बस म्हणायची वेळ तिच्यावर जन्मात पहिल्यांदाच आली होती. "दुकान बंद पडेल!"

"पडू दे. इथे निम्म्या तोंडांत माझं काम आहे. सगळीकडे मी कड तशीच घातलीय. ज्यांच्या हिरडीतून रक्त येतं, त्यांनी लपवू नका. डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः घेऊन जाईन, आणि कुठे कापायचं ते दाखवीन."

बासिलियाला त्याचा भयंकर राग आला होता. आणि हा आपला नवरा आहे याचा इतका अभिमान वाटत होता की तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. ओळीत कोणी हसत नव्हतं. मिरचीवालीने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

हिलारिया वाटाण्याच्या ढिगामागून उठली. तिच्या तोंडातही प्लासिदोच्या दोन चौकटी होत्या. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, इकडेतिकडे न बघता बोटाने वरचा ओठ उचलला आणि म्हणाली, "माझंही रक्त येतं, उस्ताद. वर्ष झालं. मी कोणाला सांगितलं नव्हतं."

प्लासिदोने सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसला, तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड उन्हाकडे वळवलं.